नाडी आणि घड्याळ : मनगटावरील मोजमापाचा इतिहास

'नाडी' हा एकच शब्द भारतीय परंपरेत दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला गेला आहे. वैद्याच्या लेखी नाडी म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर बोटांना जाणवणारे रक्तवाहिनीचे स्पंदन. ज्योतिषाच्या, म्हणजे जुन्या गणिती खगोलशास्त्राच्या लेखी नाडी, नाडिका किंवा घटिका म्हणजे अहोरात्राचा साठावा भाग, आजच्या हिशेबाने सुमारे २४ मिनिटे. या दोन अर्थांचे मूळ मात्र एकाच ठिकाणी सापडते, कारण नाडी किंवा नाली म्हणजे पोकळ नळी. शरीरात रक्त वाहते तीही नळी आणि कौटिलीय अर्थशास्त्रात वर्णिलेल्या जलघटिकेतून पाणी गळते तीही नळीच. आज ज्याला 'स्मार्टवॉच' म्हटले जाते आणि जे मनगटावर बसून वेळही सांगते आणि हृदयाचे ठोकेही मोजते, त्या उपकरणात हे दोन्ही अर्थ दीर्घ काळानंतर पुन्हा एका जागी आले आहेत. ते कोणत्या वाटेने आले, हे पाहिले म्हणजे या उपकरणावर किती विश्वास टाकावा आणि कोठे थांबावे, याचाही उलगडा होऊ लागतो.

प्राचीन भारतीय कालगणनेत काळाचे लहान माप शरीरातूनच घेतलेले होते. सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेत निरोगी माणसाच्या एका श्वासाला लागणारा वेळ म्हणजे एक 'प्राण', सहा प्राणांचे एक पळ, साठ पळांची एक घटिका आणि साठ घटिकांचे एक अहोरात्र असे कोष्टक आहे. या हिशेबाने दिवसरात्रीत २१,६०० प्राण होतात, एक प्राण सुमारे चार सेकंदांचा ठरतो आणि माणूस मिनिटाला पंधरा वेळा श्वास घेतो असे निघते. विश्रांतीत असलेल्या प्रौढ माणसासाठी आजचे वैद्यक मिनिटाला १२ ते २० श्वास स्वाभाविक मानते, तेव्हा पंधरा हा आकडा वस्तुस्थितीला धरूनच आहे. तथापि वर्तुळाच्या ३६० अंशांच्या कलाही, म्हणजे अंशाचे साठावे भागही, बरोबर २१,६०० होतात, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. आकाश एका प्राणात एक कला सरकते, हा हिशेब गणिताला अतिशय सोयीचा होता, आणि म्हणूनच हा श्वास कोणा एका माणसाचा मोजलेला श्वास असण्यापेक्षा कोष्टकात नीट बसेल असा निवडलेला श्वास असावा, असे मानण्यास जागा आहे. शरीराला सोयीच्या पूर्णांकात बसवण्याची ही प्रवृत्ती या इतिहासात पुढेही भेटते.

व्यवहारात घटिका मोजली जाई ती घटिकापात्राने. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडली की छिद्रातून पाणी हळूहळू आत चढते आणि घटिका पूर्ण होताच वाटी बुडते. मग ती उचलून, रिकामी करून पुन्हा तरंगत ठेवावी लागते. महाराष्ट्रातील लग्नघरांत मुहूर्त साधण्यासाठी हे पात्र दीर्घकाळ वापरात होते, आणि वाटी बुडेपर्यंत अंतरपाट धरून ठेवला जाई. 'घटका भरली', 'अखेरच्या घटका मोजणे', 'घटकाभर टेकणे' हे मराठीतले रूढ प्रयोग याच वाटीतून आले असून 'घड्याळ' या शब्दाचे नातेही घटी किंवा घडी याच शब्दाशी आहे. घटिकापात्राची एक अट होती: त्यापाशी सतत कोणीतरी बसून राहावे लागे. यंत्र स्वतः मोजत असले तरी कितवी वाटी बुडाली हे लक्षात ठेवण्याचे काम माणसाचे होते.

या यंत्राच्या बिघाडाची एक प्रसिद्ध आख्यायिका महाराष्ट्राशी निगडित आहे. बाराव्या शतकातील गणिती भास्कराचार्यांचा संबंध खानदेशाशी होता. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या ग्रंथाचे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ मध्ये केले आणि त्यात ही कथा येते. भास्कराचार्यांच्या लीलावती या मुलीच्या विवाहाचा एकमेव शुभ मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवले होते. ती कुतूहलाने त्यात डोकावली असता तिच्या वस्त्रावरचा एक मोती निसटून छिद्रावर बसला, पाणी आत येईना, वाटी बुडेना, आणि मुहूर्त कोणाच्या लक्षात न येता टळून गेला. कथेला ऐतिहासिक आधार नाही, परंतु मोजमापाविषयीचे एक मर्म तिच्यात आहे. यंत्र बंद पडल्याचे कोणालाच दिसले नाही, कारण तरंगणारी वाटी ही बिघडलेल्या यंत्राचीही खूण असू शकते आणि वेळ शिल्लक असल्याचीही.

नाडीचा दुसरा अर्थ, म्हणजे वैद्याची नाडी, या काळात मोजमापापासून दूरच होता. नाडीपरीक्षेचे सुस्पष्ट वर्णन तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या शार्ङ्गधरसंहितेत आढळते. तेथे वाताची नाडी सर्प आणि जळू यांच्या गतीने, पित्ताची कावळा आणि बेडूक यांच्या गतीने, तर कफाची हंस आणि पारवा यांच्या गतीने चालते असे सांगितले आहे. वैद्य तीन बोटे ठेवून नाडीची चाल, तिचा जोर, तिचा ताण आणि तिची लय ओळखत असे. ती एका पळात किती वेळा उडते हा मुख्य प्रश्न नव्हता. घटिकापात्र बाजूच्या दालनात असतानाही नाडी आणि घटिका यांची गाठ पडली नाही, याचे कारण उघड आहे: चोवीस मिनिटांचे माप ठोके मोजण्यास फार मोठे होते आणि पळ दाखवणारे सोयीचे उपकरण वैद्याच्या हाती नव्हते.

ही गाठ सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपात पडली. इटलीतील पादुआ येथील वैद्य सांतोरिओ सांतोरिओ यांनी दोरीला टांगलेल्या लंबकाचा उपयोग करून 'पल्सिलोजियम' नावाचे साधन तयार केले. रोग्याच्या नाडीशी लंबकाचे हेलकावे जुळेपर्यंत दोरी लांब-आखूड करायची आणि दोरीची लांबी हेच नाडीचे माप समजायचे, अशी त्याची रीत होती. म्हणजे नाडीची नोंद येथे ठोक्यांच्या संख्येत नव्हे तर लांबीत होत असे. १६५६ मध्ये डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी लंबकाचे घड्याळ सिद्ध केले आणि १६७५ मध्ये केसासारख्या बारीक कमानीने डोलणारे चाक वापरून खिशातले घड्याळही पुरेसे अचूक करता येते हे दाखवले. त्यानंतर इंग्लंडमधील लिचफिल्डचे वैद्य जॉन फ्लॉयर यांनी बरोबर एक मिनिट चालून थांबणारे घड्याळ करवून घेतले आणि १७०७ मध्ये वैद्याच्या नाडी-घड्याळाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. नाडी ही मिनिटाला अमुक ठोके अशी संख्येत सांगता येते, ही कल्पना येथून पक्की होऊ लागली. तथापि सेकंदकाटा असलेले घड्याळ हाती धरून ठोके मोजण्याची रीत रुग्णालयांत सार्वत्रिक होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. पुढे विसाव्या शतकात डॉक्टरांसाठी अशी मनगटी घड्याळे निघाली की ज्यांच्या तबकडीच्या कडेला नाडीचे कोष्टक छापलेले असे: पंधरा किंवा तीस ठोके मोजून काटा थांबवला की मिनिटाचा दर समोर वाचता येई. घड्याळ आणि नाडी यांच्यामध्ये अजून डॉक्टरचे बोट होते, परंतु अंतर बरेच कमी झाले होते.

दरम्यान घड्याळाची मुख्य वाटचाल शरीरापासून दूर, सार्वजनिक जीवनाकडे चालली होती. रेल्वे, तार आणि गिरण्या यांना गावोगावची वेगळी वेळ परवडत नव्हती. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव ल्यालेला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा शहराची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, कारण मुंबईच्या रेखांशावर सूर्य त्याच हिशेबाने माथ्यावर येतो. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ अमलात आली आणि मुंबईच्या सूर्याचे व घड्याळाचे ३९ मिनिटांनी बिनसले. शहरात याला तीव्र विरोध झाला, आणि मुंबईची महापालिका जुनी 'मुंबई वेळ' पुढे अनेक दशके पाळत राहिली. वेळ हा आपल्या आकाशाचा आणि आपल्या अंगवळणाचा भाग आहे की दुरून ठरवून दिलेला आकडा आहे, हा त्या वादातील प्रश्न मनगटावरच्या उपकरणांच्या संदर्भात आज वेगळ्या रूपात पुन्हा उभा आहे.

मनगटी घड्याळ स्वतः बरेच उशिरा आले. एकोणिसाव्या शतकात ते स्त्रियांचा दागिना समजले जाई आणि पुरुष साखळीला अडकवलेले घड्याळ खिशात बाळगत. घोडा, बंदूक किंवा विमानाचा दांडा हाती असताना खिशात हात घालता येत नाही, हे दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात आणि त्याहून अधिक पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या ध्यानात आले, आणि युद्धानंतर मनगटी घड्याळ पुरुषांच्याही अंगवळणी पडले. भारतात १९६१ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी उद्योगाने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना सुरू केला. रोज सकाळी किल्ली द्यावी लागणारे 'एचएमटी' घड्याळ हे पुढील दोन-अडीच दशके मॅट्रिक पास झाल्याची, नोकरी लागल्याची किंवा जावयाच्या मानाची ठरलेली भेट होऊन बसले.

घड्याळाचे अंतरंग बदलले ते क्वार्ट्झने. क्वार्ट्झ हा गारेचा स्फटिक दाबला तर त्यात वीज निर्माण होते आणि त्याला वीज दिली तर तो कंप पावतो, हा गुणधर्म प्येअर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८०-८१ मध्ये दाखवून दिला होता. १९२७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन यांनी या कंपनांवर चालणारे घड्याळ बनवले. ते खोलीत ठेवण्याजोगे होते. ते मनगटावर उतरले २५ डिसेंबर १९६९ रोजी, जेव्हा जपानच्या सेइको कंपनीने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे घड्याळ ४,५०,००० येन किमतीला, म्हणजे त्या वेळच्या एका लहान मोटारीच्या किमतीला, बाजारात आणले. आजच्या सर्वसाधारण घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा चमत्कारिक दिसणारा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात आहे. एका साध्या मंडलाने त्याची पंधरा वेळा निमपट केली की सेकंदाला नेमका एक ठोका उरतो. अशा रीतीने काळाचे माप पाण्याच्या वाटीतून आणि पोलादी कमानीतून निघून विजेच्या स्पंदनात आले, आणि वीज मनगटावर पोहोचली की तिच्याकडून गणितही करवून घेता येते, ही स्मार्टवॉचची खरी सुरुवात होय.

पुढच्या चार दशकांतील प्रयत्न मात्र बहुधा घड्याळात संगणक कोंबण्याचे होते. १९७२ मध्ये अमेरिकेतील हॅमिल्टन कंपनीचे 'पल्सार' विक्रीला आले; त्यात काटे नव्हते, लाल प्रकाशाचे आकडे होते, आणि ते इतकी वीज खात की वेळ पाहण्यासाठी बटण दाबावे लागे. १९८३ मध्ये सेइकोने टिपणे साठवणारे 'डेटा २०००' काढले, ज्याला लिहिण्यासाठी वेगळा कळफलक जोडावा लागे. कॅसिओच्या घड्याळांत दूरध्वनी क्रमांक आणि गणकयंत्र आले. १९९८ मध्ये सेइकोच्याच 'रुप्युटर'मध्ये लहानसा संगणक बसला. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावरील घड्याळे एफएम रेडिओच्या लहरींवरून हवामान आणि बातम्या घेऊ लागली. यांपैकी बहुतेक रुळली नाहीत, कारण मनगटाएवढ्या पडद्यावर कोणालाच फार काही वाचायचे नव्हते. खिशातल्या मोबाइल फोनने हा प्रश्न सोडवला: अवजड काम फोनने करावे आणि घड्याळाने त्याचा निरोप्या व्हावे. एरिक मिगिकोव्हस्की या कॅनडातील तरुण अभियंत्याने २०१२ मध्ये 'पेबल' या घड्याळासाठी लोकवर्गणी मागितली तेव्हा जवळपास ६९ हजार लोकांनी १ कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. २४ एप्रिल २०१५ रोजी अ‍ॅपलचे घड्याळ विक्रीला आले आणि काही वर्षांतच या उपकरणाचा मुख्य उपयोग निरोप पोहोचवण्याकडून शरीराची नोंद ठेवण्याकडे सरकला. वळण येथे आहे. वेळ सांगण्यासाठी जे मनगटावर चढले, ते मनगटाकडे पाहू लागले.

हे पाहणे शब्दशः पाहणे आहे. घड्याळाच्या पाठीवर हिरवा प्रकाश देणारे बारीक दिवे आणि त्यांच्या शेजारी प्रकाशसंवेदक, म्हणजे प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा अर्धवाहकाचा तुकडा, बसवलेला असतो. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत रक्ताची लाट येते, त्या क्षणी अधिक प्रकाश शोषला जातो आणि संवेदकाकडे थोडा कमी परततो. लाट ओसरली की पुन्हा थोडा जास्त परततो. या चढउतारांतील अंतर मोजले की ठोक्यांचा दर मिळतो. या पद्धतीला प्रकाशलेखन किंवा 'फोटोप्लेथिस्मोग्राफी' म्हणतात आणि तिचा पाया अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकात घातला. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजण्यासाठी लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश वापरले जातात, कारण प्राणवायूयुक्त आणि प्राणवायूरहित रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. हे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. करोना साथीच्या काळात महाराष्ट्रातील घराघरांत आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालत होता.

या प्रकाशाच्या वाटेत मोती अडकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो. हात हलला की वाहिन्यांतील रक्तही हलते आणि पावलांची लय ठोक्यांची लय म्हणून नोंदली जाण्याचा धोका असतो. थंडीत त्वचेचा रक्तपुरवठा आक्रसतो. गोंदणाची शाई प्रकाश अडवते आणि त्वचेचा रंग ज्यामुळे गडद होतो ते मेलॅनिनही हिरवा प्रकाश शोषते. अमेरिकेतील रुग्णालयांतल्या ऑक्सिमीटरविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की उपकरणाने प्राणवायू पुरेसा दाखवला असूनही प्रत्यक्षात तो कमी असल्याचे प्रसंग गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट होते. आकडा पडद्यावर येतच राहतो, वाटी तरंगतच राहते. बिघाड दिसत नाही, ही लीलावतीच्या कथेतली अडचण येथेही तशीच आहे.

हालचालीची नोंद त्वरणमापी घेतो. सिलिकॉनच्या चकतीत कोरलेला अतिसूक्ष्म गोळा तितक्याच सूक्ष्म कमानींवर टांगलेला असतो. हात हलला की तो किंचित मागे राहतो आणि त्याच्या सरकण्याने बदललेल्या विद्युत्धारितेवरून हालचालीचा वेग-बदल कळतो. मोटारीतील हवेची पिशवी अपघाताच्या क्षणी फुगवण्यासाठी वापरात आलेले हे तंत्र मनगटावर पावले मोजते, माणूस पडल्याचे ओळखते आणि झोपेचा अंदाज बांधते. झोपेच्या बाबतीत 'अंदाज' हाच शब्द योग्य आहे, कारण झोपेच्या अवस्था खऱ्या अर्थाने ठरतात त्या मेंदूच्या विद्युत्लहरींवरून. मनगट केवळ स्थिरता आणि ठोके पाहून त्यांचा तर्क करते.

पावलांच्या संदर्भात सर्वत्र पसरलेला दहा हजारांचा आकडा कोठून आला, हेही पाहण्याजोगे आहे. टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची आवड वाढली असता १९६५ मध्ये यामासा कंपनीने 'मानपो-केई' नावाचे पावले मोजणारे साधन विकायला काढले; जपानीत 'मान' म्हणजे दहा हजार, 'पो' म्हणजे पाऊल आणि 'केई' म्हणजे मापक. नाव आकर्षक होते, आकडा लक्षात राहणारा होता, आणि पुढे तो जगभरच्या घड्याळांत उद्दिष्ट म्हणून जाऊन बसला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० अमेरिकी स्त्रियांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिवसाला ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचे प्रमाण कमी दिसले आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर अधिकचा लाभ दिसला नाही. २१,६०० श्वासांप्रमाणेच दहा हजार पावलांतही शरीरापेक्षा पूर्णांकाची सोय अधिक आहे.

स्थाननिश्चितीची गंमत अशी, की घड्याळाला जागा कळते तीही वेळेवरूनच. जीपीएस या अमेरिकी व्यवस्थेतील प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळे असतात आणि ते निरोप निघाल्याची अचूक वेळ प्रक्षेपित करतात. निरोप पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून उपग्रहाचे अंतर निघते आणि किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून स्थान निघते. प्रकाश सेकंदाच्या अब्जांश भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, म्हणून वेळेतील दशलक्षांश सेकंदाची चूक ३०० मीटरची होते. पळ आणि विपळ मोजणाऱ्या परंपरेला हा सूक्ष्म विभाग निदान कल्पनेत परका वाटला नसता.

हृदयाच्या विद्युत् आलेखाची, म्हणजे ईसीजीची, कथा या सर्वांत बोलकी आहे. नेदरलंड्समधील लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाची वीज टिपणारे यंत्र बनवले. ते सुमारे २७० किलो वजनाचे होते, चालवण्यास पाच माणसे लागत, आणि रुग्णाला दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. रुग्णांना प्रयोगशाळेत आणणे कठीण असल्यामुळे त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून दूरध्वनीच्या तारेवरून आलेख मागवण्याची सोयही केली होती. दूरस्थ वैद्यकाचा हा आरंभीचा दाखला होय. १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २०१८ पासून काही घड्याळांत हा आलेख घेण्याची सोय आली: घड्याळाच्या पाठीचा विद्युत्अग्र एका मनगटाला टेकलेला असतो, दुसऱ्या हाताचे बोट कडेच्या बटणावर ठेवायचे आणि तीस सेकंद स्थिर बसायचे. पाण्याच्या भांड्यांत बुडवलेल्या दोन हातांमधली जी जोडणी आइन्थोव्हेन यांनी पहिली म्हणून नोंदवली, तीच ही जोडणी आहे. रुग्णालयातील यंत्र मात्र हृदयाकडे बारा बाजूंनी पाहते आणि घड्याळ एकाच बाजूने. त्यामुळे ठोक्यांची अनियमितता त्याला ओळखता येते, हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही.

ही अनियमितता, विशेषतः हृदयाचे वरचे कप्पे लय सोडून थरथरू लागतात तो विकार, शोधण्यास घड्याळ किती उपयोगी पडते, याची मोठी पाहणी अमेरिकेत झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ४,१९,२९७ लोकांपैकी २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्क्यांना, घड्याळाने अनियमिततेची सूचना दिली. सूचना मिळालेल्यांपैकी ज्या ४५० जणांनी नंतर छातीला लावलेल्या पट्टीची नोंद पाठवली, त्यांच्यातील ३४ टक्क्यांमध्ये विकार आढळला. विकार येऊन जाणारा असल्याने उरलेल्यांमध्ये तो नव्हताच असे म्हणता येत नाही. पट्टी छातीवर असतानाच घड्याळाने सूचना दिली, अशा प्रसंगांपैकी ८४ टक्के प्रसंगी पट्टीनेही त्याला दुजोरा दिला. यावरून घड्याळ खोटे बोलते असा निष्कर्ष निघत नाही, आणि त्याची सूचना म्हणजे निदान असाही निघत नाही. ते दार ठोठावते. दार उघडून पाहण्याचे काम वैद्यकालाच करावे लागते.

घटिकापात्राशेजारी बसणाऱ्याला आपण काय मोजतो हे ठाऊक असे आणि ते घंगाळापाशीच राही. घड्याळाची नोंद फोनमार्फत दूरच्या संगणकांत जाते, तेथे इतरांच्या नोंदींत मिसळते आणि मालकाला अनोळखी अशा अर्थांनी वाचली जाऊ शकते. व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या 'स्ट्राव्हा' या कंपनीने वापरकर्त्यांच्या धावण्याच्या वाटांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा २०१८ च्या जानेवारीत असे लक्षात आले, की ओसाड प्रदेशांतील लष्करी तळांच्या कडेने सैनिकांनी काढलेल्या फेऱ्याही त्यावर उजळून दिसत आहेत. कोणाचेही नाव त्यात नव्हते, तरी ठिकाण उघडे पडले. भारतात २०२२ च्या सुमारास स्वस्त स्मार्टवॉचची विक्री इतकी वाढली, की हा देश जगातील सर्वांत मोठ्या बाजारपेठांत गणला जाऊ लागला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा त्यानंतर, २०२३ मध्ये संमत झाला. मुंबई वेळेच्या वादात आकडा बाहेरून येऊन अंगवळणावर लादला जात होता. येथे अंगवळणाचाच आकडा होऊन तो बाहेर जातो.

अखेरीस एक साधी शारीरिक गोष्ट या सर्व इतिहासाचे सार सांगते. वैद्य नाडी पाहतो ती मनगटाच्या आतल्या, तळहाताकडच्या बाजूस, अंगठ्याच्या मुळाशी, जेथे धमनी हाडावरून जाते आणि बोटाला तिचा जोर, ताण आणि चाल जाणवते. घड्याळ बसते ते मनगटाच्या बाहेरच्या बाजूस, आणि त्याचा हिरवा प्रकाश त्वचेत जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर उतरून बारीक वाहिन्यांतील लाट टिपतो. धमनी त्याच्या आवाक्यात नसते. त्याने टिपलेला ठोका खरा असतो, पण तो नाडीचा काठावर पोहोचलेला तरंग असतो. सर्पाची चाल आणि हंसाची चाल यांत जे ओळखायचे असे, ते त्यात उतरत नाही, आणि दिवसरात्र अखंड ठोके मोजत राहणे वैद्याच्या बोटांनाही जमत नाही. नाडीचे दोन अर्थ एका मनगटावर आले खरे, तरी त्यांच्यामध्ये अजून मनगटाची जाडी आहे.